‘इंटरनॅशनल’ पाटी आणि मुलीच्या हातातला फोन

प्रवेशाचे दिवस आले की मुंब्रा असो, मालेगाव असो की मिरज, आपल्या मोहल्ल्यांच्या चौकाचौकात फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर टॅबलेट हातात घेतलेलं हसरं मूल असतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: स्मार्ट क्लासरूम, रोबोटिक्स लॅब, एआय आधारित शिक्षण आणि सोबत दीनी तालीम. शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द बहुतेक असतोच. रिक्षा चालवणारा, गॅरेजमध्ये काम करणारा, लूमवर राबणारा बाप तो फ्लेक्स वाचतो, घरी जाऊन हिशेब मांडतो आणि दागिना मोडून का होईना, पोराचं नाव तिथं घालतो.

या धडपडीची थट्टा करणारे लोक आपल्यातही आहेत आणि बाहेरही. आम्हाला ती थट्टा मान्य नाही. सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं होतं की सहा ते चौदा वयाची चारातली एक मुस्लिम मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच शाळा सोडून बाहेर पडली. त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी लोक सोयीस्करपणे विसरतात. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी मुलं जेमतेम तीन-चार टक्के होती. म्हणजे आपल्या आईबापांना मुलांसाठी शाळाच हवी होती आणि आजही हवी आहे. त्यांची मागणी बरोबर आहे. प्रश्न आहे तो त्यांना त्या मागणीच्या बदल्यात काय विकलं जातं याचा.

म्हणून या संपादकीयात आम्ही एक साधी गोष्ट करायची ठरवली. ज्या आंतरराष्ट्रीय शाळांचं नाव वापरून हे फ्लेक्स छापले जातात, त्या शाळांमध्ये डिजिटल साधनं नेमकी कशासाठी वापरतात ते समजून घ्यायचं. त्यातलं पैशाने विकत घ्यावं लागतं ते किती आणि आपल्या मोहल्ल्यातही करता येईल असं किती, हे तपासायचं.

पाटी आणि शाळा

आधी एक गैरसमज दूर करू. नावात ‘इंटरनॅशनल’ असलं म्हणून शाळा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवते असं नाही. असा अभ्यासक्रम देणाऱ्या दोन मोठ्या संस्था आपल्याकडे ओळखीच्या आहेत. एक, १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेली इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी. दुसरी, इंग्लंडमधली केंब्रिज. एखादी शाळा आयबीशी संलग्न आहे की नाही, हे आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. मोहल्ल्यातल्या बऱ्याच ‘इंटरनॅशनल’ शाळा प्रत्यक्षात राज्य मंडळाचा किंवा सीबीएसईचा अभ्यासक्रम शिकवतात. त्यात कमीपणा काहीच नाही. पण मग जास्तीची फी कशाची, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे.

आता खऱ्या आंतरराष्ट्रीय शाळांकडे वळू. तिथं यंत्रं असतातच. पण चांगल्या शाळेत त्या यंत्रांकडून जी कामं करून घेतली जातात, ती पाच आहेत.

पहिलं काम गृहपाठाचं. मॅनेजबॅक, टॉडल किंवा गूगल क्लासरूमसारख्या व्यासपीठावर शिक्षक काम देतात तेव्हा त्यासोबत निकषही देतात. या निबंधात काय पाहिलं जाईल, उत्तम कशाला म्हणू आणि अपुरं कशाला, हे मुलाला लिहिण्याआधीच माहीत असतं. मूल कच्चा मसुदा पाठवतं. शिक्षक शेजारी टिपा लिहितात किंवा आवाजात सांगतात. मूल सुधारून पुन्हा पाठवतं. गुण त्यानंतर. आपल्या शाळांत वही तपासून लाल शाईत ‘पाहिले’ असा शेरा मिळतो आणि विषय संपतो. तिथं शेऱ्यापासून शिकणं सुरू होतं.

दुसरं काम मुलाच्या प्रगतीची नोंद ठेवण्याचं. सीसॉसारख्या साधनावर पहिली-दुसरीतलं मूल जूनमध्ये एक पान वाचून त्याची ध्वनिफीत ठेवतं. जानेवारीत पुन्हा वाचतं. दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्या की फरक कळायला प्रगतिपुस्तक लागत नाही. ज्या अम्मीला इंग्रजी वाचता येत नाही, तिच्याही कानाला तो फरक कळतो. अशा शाळांतल्या पालकसभेत अनेकदा मूलच आईवडिलांना आपलं काम दाखवतं, कुठं जमलं आणि कुठं अडलं ते सांगतं. शिक्षक बाजूला बसतात.

तिसरं काम सरावाचं. मुलाने चूक केली तर पुढचं उदाहरण सोपं येतं, बरोबर केलं तर अवघड येतं. एकाच वर्गात तीस मुलं तीस वेगवेगळ्या पायऱ्यांवर असू शकतात, हे मान्य करून चालणारा हा सराव असतो.

चौथं काम परीक्षेचं. आयबीच्या माध्यमिक टप्प्यावर २०१६ पासून संगणकाच्या पडद्यावर परीक्षा घेतली जाते. त्यात चित्रफीत असते, नकाशे असतात, प्रयोगाचं प्रतिरूप असतं. ते पाहून मुलाने विचार करून उत्तर द्यायचं. गाईड पाठ करून असा पेपर सुटत नाही.

पाचवं काम प्रामाणिकपणाचं. चॅटजीपीटी आल्यावर अनेक ठिकाणी थेट बंदी घालण्यात आली. आयबीने २०२३ च्या सुरुवातीला वेगळी भूमिका घेतली. बंदी घालणार नाही, पण यंत्राने लिहून दिलेला मजकूर विद्यार्थ्याने आपला म्हणून खपवला तर ती लबाडी मानली जाईल. वापरलं असेल तर इतर कोणत्याही स्रोतासारखा त्याचा उल्लेख करायचा. उसनं घेतलं तर सांगून घ्यावं, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही.

या पाच कामांकडे नीट पाहा. प्रत्येकात शिक्षक केंद्रस्थानी आहे. मसुद्यावर टीप लिहायला शिक्षकाला वेळ हवा. ध्वनिफीत ऐकायला वेळ हवा. वर्गात मुलं मोजकी हवीत आणि शिक्षकाला वेळेवर पुरेसा पगार हवा. फ्लेक्सवर स्मार्ट बोर्डाचा फोटो असतो, शिक्षकांच्या पगाराचा आकडा कधी नसतो. पण शाळा कशी आहे हे त्या आकड्यावरूनच जास्त कळतं.

हिफ्जचा वर्ग काय सांगतो

यातलं काही आपल्याला अगदीच परकं वाटायचं कारण नाही. ज्यांनी हिफ्ज केलं आहे किंवा घरात करताना पाहिलं आहे, त्यांना सबक, सबकी आणि मंजिल हे शब्द ठाऊक असतील. सबक म्हणजे आजचा नवा भाग. सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांत पाठ केलेलं. मंजिल म्हणजे त्याहून जुनं, ज्याला काही ठिकाणी आमोख्ता म्हणतात. रोज तिन्ही ऐकवायचे. प्रत्येक मुलाचा सबक वेगळा, गती वेगळी. उस्ताद एकेकाला समोर बसवून ऐकतात आणि चूक झाली की तिथल्या तिथे थांबवतात.

१८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विसरण्याचा आलेख मांडला. पाठ केलेलं आधी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरलं जातं, म्हणून ठरावीक अंतराने उजळणी हवी, असा त्याचा अर्थ. आज अँकीसारखी ॲप नेमक्या याच तत्त्वावर चालतात. म्हणजे ज्याला जगभर आधुनिक शिक्षणतंत्र म्हणतात, त्याची एक पद्धत आपल्या मशिदीच्या वरच्या मजल्यावर शतकानुशतकं चालू आहे. प्रत्येकाला त्याच्या पायरीवरून शिकवणं, रोज ऐकणं, लगेच दुरुस्त करणं आणि जुनं सुटू न देणं हे आपल्याला येतं.

पण इथं थांबून ‘हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतं’ अशी छाती फुगवण्यात अर्थ नाही. ज्या पद्धतीने पाठांतर पक्कं होतं, ती पद्धत आपण समजून घेण्यासाठी वापरली नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण बेअदब ठरवलं. मदरशात ठरवलं आणि शाळेतही ठरवलं. आयबीच्या ज्या परीक्षेचा वर उल्लेख केला, ती नेमकं तेच तपासते जे आपण टाळत आलो. हे तुला कशावरून कळलं, दुसरी बाजू काय आहे आणि तुझं मत काय. शिस्त आपल्याकडे आहे, आता तिच्या जोडीला चिकित्सा हवी. ही जोड घालून दिली तर आपली मुलं कुणाच्याही मागे राहणार नाहीत.

यंत्र दिलं म्हणजे शिक्षण होत नाही

यंत्राने शिक्षण सुधारतं का, यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. त्यातली दोन उदाहरणं शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं.

पेरू देशात ग्रामीण भागातल्या मुलांना सरकारने मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. संशोधकांनी ३१९ सरकारी शाळा तपासल्या तेव्हा गणितात आणि भाषेत काहीही फरक दिसला नाही. मुलं तीच, शिक्षक तेच, शिकवण्याची रीत तीच. फक्त बाकावर लॅपटॉप आला होता.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. सरकारी शाळांत सहावी ते नववीत शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेनंतर चालणारी केंद्रं होती. तिथं माइंडस्पार्क नावाच्या प्रणालीवर मुलं निम्मा वेळ सराव करत आणि निम्मा वेळ छोट्या गटात मार्गदर्शकासोबत शिकत. प्रणाली आधी मुलाची खरी पायरी शोधायची. आठवीतल्या मुलाला चौथीचं गणित येत नसेल तर तिथून सुरुवात करायची. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची तुलना इतरांशी केली. साडेचार महिन्यांत केंद्रावर आलेल्या मुलांची गणितातली प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट होती. हा अभ्यास २०१९ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला.

दोन्हीकडे यंत्र होतं. दिल्लीत ते मुलाच्या पायरीपासून सुरू होत होतं आणि सोबत माणूस होता. पेरूत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

अति झालं की तोटाही होतो. २०२२ च्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, असं दिसलं की शाळेत दिवसाला एक तासापर्यंत शिकण्यासाठी डिजिटल साधन वापरणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण मुळीच न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ ने जास्त होते. पण सुमारे ६५ टक्के मुलांनी हेही सांगितलं की निदान काही गणिताच्या तासांना आपल्या साधनामुळे लक्ष विचलित होतं. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालाचा सूरही तोच आहे. तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर वापरायचं हे आधी ठरवा, मग विकत घ्या. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने त्याच वर्षी शाळांत पुन्हा छापील पुस्तकांवर भर द्यायला सुरुवात केली. ‘आमच्याकडे सगळं टॅबवर, वह्या-पुस्तकं बंद’ असं एखादी शाळा अभिमानाने सांगत असेल तर तिला ही बातमी जरूर दाखवावी.

घरात एकच फोन आहे, तो कुणाचा?

आता शाळेतून घरात येऊ. कारण खरी अडचण उंबऱ्याच्या आत आहे.

‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरात स्मार्टफोन होता. म्हणजे साधन घरोघर पोचलं आहे. पण आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी मुलं ५७ टक्के होती आणि सोशल मीडियासाठी वापरणारी ७६ टक्के. त्याआधी २०२३ मध्ये ‘असर’ने चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींची पाहणी केली होती. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होतं. हे आकडे सर्व समाजांचे आहेत. आपल्या घरात काय चालतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

भाईजानला दहावीनंतर लगेच फोन मिळतो, कारण त्याला ‘बाहेर लागतो’. आपाला बारावी झाली तरी अब्बूंच्या फोनवर, तोही रात्री ते झोपल्यावर. तिने एखादा व्हिडिओ लावला की ‘काय बघतेस’ अशी विचारणा होते. भाऊ रात्री दोनपर्यंत गेम खेळतो, त्याला कुणी काही विचारत नाही. लॉकडाऊनच्या दोन वर्षांत शाळा फोनवर आल्या तेव्हा अनेक मुलींचं शिक्षण या एका कारणाने तुटलं आणि त्यातल्या काहींचा पुढच्या वर्षी थेट निकाहच झाला.

फोनमध्ये धोके आहेत, हे आम्ही नाकारत नाही. फसवणूक आहे, अश्लीलता आहे, बदनामीची भीती आहे. पण धोका मुलग्यालाही आहे आणि त्याच्यावर तो उपाय आपण करत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र उपाय एकच, फोन काढून घेणे. हा संरक्षणाचा मार्ग नव्हे. ज्या मुलीला फोन सुरक्षितपणे वापरायला कुणी शिकवलंच नाही, ती उद्या नोकरीसाठी किंवा कॉलेजसाठी पहिल्यांदा फोन हातात घेईल तेव्हा फसवणाऱ्याला सगळ्यात सोपी सापडेल.

आपल्या समाजाचा इतिहास आठवा. लाऊडस्पीकर आला तेव्हा नमाजेत तो वापरावा की नाही यावर फतवे निघाले. फोटोवरही निघाले. आज अजान लाऊडस्पीकरवर होते आणि हजला जाताना पासपोर्टवर फोटो लागतो. नमाजेच्या वेळा, किब्ल्याची दिशा, कुराणाचं पठण असं सारं आता ॲपवर आहे आणि ते वडीलधाऱ्यांच्याही फोनमध्ये आहे. नवं साधन आपण शेवटी स्वीकारतोच. पण ज्या मधल्या वर्षांत वाद चालतो, त्या वर्षांची किंमत मुली मोजतात. या वेळी तरी ती त्यांच्यावर लादू नका.

मुलांची माहिती कुणाच्या हातात?

एक धोका मात्र खरोखर मोठा आहे आणि त्याबद्दल आपल्या मोहल्ल्यात कुणी बोलत नाही. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी शिफारस केलेली १६४ शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळं तपासली. त्यातली ८९ टक्के साधनं मुलांच्या हक्कांना बाधा येईल अशा रीतीने त्यांची माहिती हाताळत होती. बऱ्याच ठिकाणी ती माहिती जाहिरातीच्या धंद्यातल्या कंपन्यांपर्यंत पोचत होती.

आपल्या देशात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती म्हणजे मूल. मुलाची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. ज्या समाजाला आपलं नाव आणि पत्ता सांगताना अनेकदा दोनदा विचार करावा लागतो, त्या समाजाने आपल्या मुलांची माहिती कुणाच्या हाती जाते हे विचारणं अधिकच गरजेचं आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर मुलींचे फोटो आणि आधार कार्ड टाकण्याची सवयही याच कारणासाठी थांबायला हवी.

परितेवाडीची खिडकी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आंतरराष्ट्रीय हा शब्द कशासाठी आहे? आयबीच्या ध्येयवाक्यात एक विचार आहे. आपल्याहून वेगळे असणारे लोकही बरोबर असू शकतात, हे मुलांना समजावं. आता आपल्या मोहल्ल्यातली ‘इंटरनॅशनल’ शाळा डोळ्यांपुढे आणा. मुलं एकाच समाजाची, शिक्षक बहुतेक त्याच समाजाचे, शाळेची बसही त्याच दोन-चार गल्ल्यांत फिरणारी. हे असं का झालं याला आपणच जबाबदार नाही. दंगली झाल्या, घरं नाकारली गेली, शाळांत मुलांना टोमणे ऐकावे लागले आणि माणसं एकत्र आली. पण कारण काहीही असो, ज्या मुलाने अठरा वर्षांत दुसऱ्या धर्माचा एक मित्र जोडला नाही, त्याच्या दाखल्यावर ‘इंटरनॅशनल’ लिहून काय होणार?

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या रकमेतली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मुलांची भाषा कन्नड होती म्हणून त्यांनी धडे मुलांच्या भाषेत आणले आणि पुस्तकांत क्यूआर कोड घातले. कोड फोनवर दाखवला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते, प्रश्न सुरू होतात. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले.

पण आम्हाला त्यांचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमात त्यांनी भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराण आणि इराक अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतली मुलं इंटरनेटवरून एकमेकांशी बोलती केली. एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाने फी न घेता, फ्लेक्स न लावता ‘आंतरराष्ट्रीय’ शब्दाला न्याय दिला. मग मुंब्र्यातली शाळा डोंबिवलीतल्या शाळेशी, मालेगावची नाशिकच्या शाळेशी आणि मिरजेची सांगलीच्या शाळेशी महिन्यातून एक तास पडद्यावर का बोलू शकत नाही? मुलं एकमेकांना गणित समजावतील, सणांबद्दल विचारतील, क्रिकेटवर भांडतील आणि पुढच्या वर्षी प्रत्यक्ष भेटतील. यासाठी सीमा ओलांडायची नाही, एक रेल्वेलाइन ओलांडायची आहे.

आपल्या संस्थांना चार शब्द

संविधानाच्या कलम ३० ने आपल्याला आपल्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. तो हक्क आपल्याला जिवापाड जपायचा आहे. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांवर पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवण्याचं बंधन घातलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून सूट दिली.

सूट मिळाली म्हणून जबाबदारी संपली का? समाजाच्या नावाने जमीन घेतली, देणग्या घेतल्या, जकातीचेही आवाहन केलं, आणि त्याच समाजातल्या घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीला फी भरता येत नाही म्हणून दारातून परत पाठवलं, तर त्या दर्जाचा उपयोग कुणाला झाला? कायदा सांगत नसेल तरी आपल्या प्रत्येक ‘इंटरनॅशनल’ शाळेने चारातली एक जागा अशा मुलांना द्यावी आणि किती दिल्या हे दरवर्षी जाहीर करावं, अशी आमची मागणी आहे. ज्या संस्था हे आधीपासून करतात त्यांचं अभिनंदन. बाकीच्यांना आपण तरुणांनी विचारायला हवं.

आता काय करायचं

तरुण मित्रमैत्रिणींनो, हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना वरची साधनं रोज वापरायची सवय आहे. कॉलेजचा अभ्यास, स्पर्धा परीक्षा, नोकरीची मुलाखत, सगळं तुम्ही फोनवर करता. म्हणून तीन कामं तुमच्यासाठी.

पहिलं, मोहल्ल्यात अभ्यासिका. जमातखाना, मशिदीचा वरचा मजला, एखाद्या शाळेची संध्याकाळी रिकामी असलेली खोली, कुठंही. दोन जुने लॅपटॉप, चार फोन, एक वायफाय आणि तुमच्यापैकी रोज एक जण दोन तास. बालभारतीची पुस्तकं मराठी, उर्दू, इंग्रजी अशा अनेक भाषांत पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. दीक्षा हे सरकारी व्यासपीठ मोफत आहे. सलमान खान या तरुणाने २००४ मध्ये दूर राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला इंटरनेटवरून गणित शिकवायला सुरुवात केली, त्यातून उभी राहिलेली खान अकॅडमीही मोफत आहे. मुलाची खरी पायरी शोधा, इयत्तेकडे पाहू नका. दिल्लीच्या त्या केंद्रांत याहून वेगळं फार काही नव्हतं. मात्र त्या खोलीत मुलींसाठीही तेवढीच जागा आणि तेवढाच वेळ असला पाहिजे. मशिदीत ते जमत नसेल तर जागा बदला, मुलींना वगळू नका.

दुसरं, घरातल्या फोनचा करार. बहिणीला रोज ठरलेला एक तास फोन तिच्या नावावर. त्या वेळात भाऊ मागणार नाही आणि अब्बू डोकावणार नाहीत. पासवर्ड कसा ठेवायचा, फसवा दुवा कसा ओळखायचा आणि कुणी त्रास दिला तर पुरावा जपून तक्रार कुठं करायची, हे तिला तुम्ही शिकवा. ती घाबरून गप्प बसणार नाही, असं वातावरण घरात ठेवणं हे तिच्या भावाचं काम आहे.

तिसरं, शाळेला प्रश्न. तुमच्या भाच्या-पुतण्यांच्या प्रवेशाला आईवडिलांसोबत तुम्ही जा आणि नम्रपणे पाच गोष्टी विचारा. एका वर्गात मुलं किती? शिक्षक किती वर्षं टिकतात आणि त्यांना पगार काय? गृहपाठावर मुलाला सुधारायला मिळतं की फक्त शेरा मिळतो? मुलांची माहिती कोणत्या कंपनीकडे जाते? गरीब मुलांना किती जागा देता? ज्या शाळेत या पाच प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतील, ती शाळा चांगली. तिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ नसलं तरी चालेल. ती जिल्हा परिषदेची असली तरी चालेल.

पुढच्या प्रवेशाच्या हंगामात पुन्हा फ्लेक्स लागतील. तो हिशेब मांडणारा बाप पुन्हा चौकात उभा असेल. त्या वेळी त्याच्या शेजारी तुमच्यापैकी कुणी तरी उभं असावं आणि त्याच्या मुलीचं बोट धरून तिला त्या शाळेच्या दारापर्यंत न्यावं, एवढीच आमची अपेक्षा आहे.